कर्नलचे डोळे

आमच्या कर्नलनं वयाच्या बाराव्या वर्षी टेबल लँडच्या कड्यावरून खाली धोम धरणाच्या पाण्यावर आलेला बिबट्या पाहिला, आणि असा काही भुंकला, की बिबट्या पाणी न पिताच माघारी गेला. हे मी बावीस वर्षांपूर्वी भर बारशात सांगितलं, हातात पेढा धरून. साठ माणसं पोट धरून हसली. रंगराव भाऊजी तेवढे हसले नाहीत. ते लिहून घेत होते.

तेव्हाच त्यांच्या हातातलं पेन काढून घ्यायला हवं होतं.

बारसं म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं पाचगणी टेरियर म्हणजे बोक्याएवढं कुत्रं. पांढरं, आखूड पायांचं, हट्टी. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात एक घूस शिल्लक ठेवायचं नाही. पिल्लांचे डोळे बाराव्या-तेराव्या दिवशी उघडतात, म्हणून बारसं त्याच दिवशी. पिल्लं टोपलीत, गाव भोवती. ज्याच्या घरची कुत्री, त्यानं उभं राहायचं आणि पिल्लांच्या आज्या-पणज्यांचं कौतुक सांगायचं. कुणाच्या कुत्र्यानं एका दिवसात चाळीस उंदीर मारलेले असतात, कुणाचं कुत्रं पुरात कृष्णा पार करून वाईला जाऊन आलेलं असतं. हे सगळं अर्धं करून ऐकायचं असतं. आमच्याकडं शाळेत न जाणाऱ्या पोरालासुद्धा ते कळतं.

पण रंगराव राजपुरे पडले तलाठी, आता निवृत्त. कानावर पडेल ते रकान्यात. कुत्री पाळणाऱ्यांच्या मंडळाची नोंदवही त्यांच्याकडं. नाव, वय, कान, स्वभाव, दृष्टी. शेजारी त्या कुत्र्याच्या केसांचा एक झुपका डिंकानं चिकटवलेला. कर्नलच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'दृष्टी: मरेपर्यंत घारीसारखी. वय बारा.'

आणि कर्नल तर चौथ्या वर्षीच आंधळा झाला होता.

दोन दिवस डोळे लाल झाले, तिसऱ्या दिवशी साय धरली, संपलं. त्याची पहिली पिल्लं तोवर अकरा घरांत गेली होती. लोकांना सांगायची मला लाज वाटली. डोळे निळसर दिसायला लागले, तर मी म्हणायची, साहेबाच्या कुत्र्याचा वंश आहे बाई, निळेच असणार. तो माझ्या लुगड्याला कान लावून चालायचा. आठ वर्षं चालला. कुणाला पत्ता लागला नाही. खोटं खपलं की मला गुदगुल्या होतात, हा माझा जुना आजार. बारशात टाळ्या मिळाल्या, तेव्हा तर लाजसुद्धा विसरले.

आता माझी नात ओवी. जनावरांच्या डोळ्यांची डॉक्टर. आईबाप पुण्याला नोकरीत, म्हणून सहा वर्षांची होईपर्यंत माझ्याकडंच वाढली. तिनं ते यंत्र बनवलं, ज्याला अख्खी पाचगणी ज्योतिषी म्हणते. तिला ते नाव आवडत नाही.

तिनं मला ते असं समजावलं होतं. डोळ्यात बुबुळामागं एक भिंग असतं. ते बारीक दोऱ्यांवर टांगलेलं असतं, पाळण्यासारखं. आमच्या कुत्र्यांच्या रक्तात एक खोट आहे, तिच्यामुळं त्या दोऱ्या कुजतात. बहुतेकांच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षात. पाळणा सुटून पुढं आला की डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, दाब चढतो आणि मागची नस मरते. त्याला दिवससुद्धा लागत नाहीत, कधी कधी तासांत खेळ संपतो. खोट आई आणि बाप दोघांकडून आली तरच हे होतं. एकाकडून आली तर कुत्रं ठणठणीत, फक्त पुढच्या पिढीला देऊ शकतं.

ही तपासणी पूर्वीही होती. पण दोऱ्या नेमक्या कधी तुटणार ते कुणाला सांगता यायचं नाही. ओवीचा ज्योतिषी ते सांगतो. थेंबभर लाळ घेतो, एका सेकंदात दोन हजार फोटो काढून भिंग किती थरथरतं ते मोजतो, आणि तिसरं म्हणजे नोंदवही वाचतो, की या कुत्र्याच्या रक्तातल्या कुणाकुणाचे डोळे कितव्या वर्षी गेले. तिन्हींची मोट बांधून तारीख काढतो. आठवडा इकडं-तिकडं, पण खरी ठरते. आता लोक पिल्लू बघायच्या आधी त्याच्या गळ्यातली तारीख बघतात, दुधाच्या पिशवीवरची बघावी तशी.

तर या ज्योतिष्याला नोंदवहीत एक कोडं सापडलं. कर्नलच्या केसांत दोन्हीकडची खोट निघाली, आणि वही म्हणत होती बाराव्या वर्षापर्यंत घारीची नजर. म्हणजे याच्या रक्तात दोऱ्या राखणारं काहीतरी आहे. ओवी तीन वर्षं त्या काहीतरीच्या मागं लागली. त्याला नाव पडलं कर्नल घटक. कर्नलच्या वंशातल्या एक्केचाळीस कुत्र्यांना हिरवे पट्टे मिळाले. हिरवा पट्टा म्हणजे नऊ वर्षांचं होईपर्यंत निर्धास्त, दरवर्षीच्या तपासणीतून सुटका.

मी तीन वर्षं गप्प बसले. पहिल्या वर्षी मजा वाटली, खरं सांगते. दुसऱ्या वर्षी कर्नलचं नाव निघालं की मी विषय बदलायला लागले. तिसऱ्या वर्षी ओवी इतकी पुढं गेली होती, की हाक मारायला तोंड उघडेना. शिवाय मला वाटायचं, एवढी शिकलेली माणसं म्हणतायत, तर असेलही काहीतरी त्या रक्तात.

मग शिबिराचा दिवस आला.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये वर्षाचं तपासणी शिबिर होतं. बंगळूरहून दोन शास्त्रज्ञ आले होते. कर्नल घटकावर माणसांच्या डोळ्यांसाठी काम सुरू करायचं, त्याची घोषणा दुपारी होणार होती. बाहेर अंगणात पुण्याची डोळ्यांच्या ऑपरेशनची गाडी उभी. पसरणी घाट रस्त्याच्या कामासाठी पाचला बंद होणार, म्हणून गाडी चारला हलणार होती.

सकाळी निघताना मी टिकलीला बिस्किट टाकलं. टिकली माझी, चार वर्षांची, कपाळावर काळा ठिपका. कर्नलच्या पणतीची लेक. तिनं आजवर एकही बिस्किट खाली पडू दिलं नव्हतं. त्या दिवशी ते तिच्या नाकावर आपटून खाली पडलं, आणि ती ते वासावर शोधत राहिली.

असंच बिस्किट मी पूर्वी एकदा पाहिलं होतं.

हॉलमध्ये पोचले तेव्हा दहा वाजले होते. ओवीच्या भोवती गर्दी.

"टिकलीचा डोळा बघ जरा."

"आजी, तिला हिरवा पट्टा आहे."

"बघ म्हणते ना."

तिनं बॅटरी मारली, डोकं डावी-उजवीकडं हलवलं. "थोडं थरथरतंय. धापा टाकतेय म्हणून असेल. थांब." तिनं टिकलीला ज्योतिष्यापुढं धरलं. पडद्यावर आकडे पळाले. "धोका तीन टक्के. तारीख पाच वर्षांनंतरची. काही नाही झालेलं."

"आणि यंत्र चुकलं असेल तर?"

"चुकायला त्याला काहीतरी चुकीचं कळलेलं असायला हवं. काय कळलंय चुकीचं?"

बरोबर तिथंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "काल जिन्यावरून पडली गं ती. डोक्याला लागलं."

"आपल्या घराला जिना आहे?"

"शेजारच्यांच्या."

"शेजारी कौलारू बैठं घर आहे, आजी." तिनं माझ्या गालाला हात लावला. "आज मला खूप काम आहे. जेवायला बस, पिठलं गरम आहे."

साडेअकराला मी गाडीपाशी गेले. तिथं डॉक्टर मुजावर, पुण्याच्या, कडक बाई.

"या कुत्रीला आत घ्या. ओवीनं पाठवलंय."

त्यांनी पट्टा पाहिला. "हिरव्याला मी हात लावत नाही. लाल चिठ्ठी आणा, ओवी मॅडमच्या सहीची."

"सही करायला तिचा हात दुखतोय."

"मग बऱ्या हातानं करू दे."

मी परत आले. टिकली आता उजवा डोळा मिटून घेत होती. पंजानं चोळत होती. कण्हत नव्हती. टेरियर कण्हत नाहीत, तीच पंचाईत. मी तिला पदराखाली घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, अजून एखादी युक्ती सुचेल. ओवीला चक्कर आलीय म्हणून सांगावं, गाडीचं चाक पंक्चर करावं, कायकाय मनात आलं. एक वाजला. खरं सोडून सगळं सुचत होतं.

दीड वाजता टिकली उठली आणि खुर्चीच्या पायावर आपटली.

मी सरळ ओवीला हाताला धरून स्वयंपाकाच्या बाजूला ओढलं. "कर्नल आंधळा होता. चौथ्या वर्षापासून. मी बारशात खोटं सांगितलं. तुझ्या यंत्राला माझं खोटं कळलंय."

ती चक्क हसली. "आजी, गेल्या दिवाळीत तू पाहुण्यांना सांगितलंस, की तू विमान चालवलंयस."

"ते वेगळं."

"मला भीती वाटू नये म्हणून करतेस ना? घोषणा टळली तर मी सुटेन, असं वाटतंय तुला. मी घाबरलेली नाही. खरंच."

"ओवे, टिकलीचा डोळा जातोय."

"यंत्र तीन टक्के म्हणतंय." आता तिचा आवाज चढला. "माझी तीन वर्षं आहेत त्यात. आज तरी गोष्ट नको."

ती गेली. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते, तर मीसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

अडीचला कार्यक्रम सुरू झाला. हारतुरे, प्रस्तावना, अध्यक्षांचं भाषण. मी माइकजवळ जायला बघत होते, तर स्वयंसेवक मला पुन्हा पुन्हा खुर्चीवर बसवत होते, म्हाताऱ्या माणसाला उभं राहायला लागू नये म्हणून. टिकलीचा डोळा आता दगडासारखा घट्ट लागत होता, पापणीवरून बोट लावलं तरी कळत होतं. सव्वातीनला रंगराव भाऊजी वही घेऊन उठले. कर्नलचं पान वाचायला लागले. मी टिकलीला काखेत मारलं, तरातरा पुढं गेले आणि माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हे पान खोटं आहे," मी म्हटलं. "कर्नलला काही दिसत नव्हतं. बिबट्या मी रचला. ज्यांच्या घरी हिरवा पट्टा आहे त्यांनी आपलं कुत्रं आत्ता तपासून घ्या."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि अख्खा हॉल हसायला लागला. टाळ्या पडल्या. आयुष्यभर ज्या टाळ्यांवर जगले, त्या त्या दिवशी अंगावर दगडासारख्या आल्या.

"वहिनी, तुमचं आपलं काहीतरी," रंगराव भाऊजी म्हणाले. "अहो, बिबट्या मी स्वतः पाहिलाय. मी तुमच्या मागंच उभा होतो कड्यावर."

"तुम्ही त्या वर्षी बदलीवर जावळीला होता, बारशापुरते आला होता, भाऊजी."

"असेन. पण बिबट्या पाहिलाय. शेपटीचं टोक काळं होतं."

"आमच्या वडिलांनीही पाहिला होता," मागून एक जण म्हणाला.

बघा आता. बावीस वर्षांत माझा बिबट्या घरोघर जाऊन बसला होता. माझं खोटं माझ्यापेक्षा त्यांचं जास्त होतं. बंगळूरचे दोघं गालात हसत होते. घड्याळात तीन वीस झाले होते. ओवी पुढच्या रांगेत, चेहरा लालबुंद. ती उठून माझ्याकडं यायला लागली, माइक काढून घ्यायला. टिकली माझ्या काखेत थरथरत होती.

मी माइक सोडला नाही. "ओवी, तू माझ्याकडं होतीस तेव्हा तुझ्या पायात पैंजण असायचे. आठवतं?"

"आजी, पुरे."

"आंघोळीला, झोपायला, कधी काढू द्यायची नाही मी. तुझी आई म्हणायची, पोरीला टोचतात. का घातले होते मी?"

ती थांबली.

"आणि भुवईवरची खूण कशाची?"

"वानरानं थप्पड मारली होती," ती सवयीनं म्हणाली. हॉलमध्ये पुन्हा खसखस.

"वानर नव्हतं. एक दिवस तू पैंजण काढून ठेवलेस आणि कर्नल जेवत असताना मागून जाऊन त्याला मिठी मारलीस. त्याला कळलंच नाही कोण आलं. जन्मात कुणाला न चावलेलं कुत्रं तुला चावलं. मग आठ दिवस उपाशी राहिलं. पैंजण तुझ्यासाठी नव्हते, पोरी. त्याला तू कुठं आहेस ते कळावं म्हणून होते."

ओवीचा हात भुवईकडं गेला. तिचे डोळे कुठंतरी लांब गेले, माझ्या ओसरीवर गेले असतील. "तो नेहमी पायाकडं मान वळवायचा," ती हळू म्हणाली. "माझ्या तोंडाकडं कधी बघायचा नाही."

हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

तिनं टिकलीला माझ्याकडून ओढूनच घेतलं. बॅटरी मारली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिचे ओठ पांढरे पडले. बुबुळाच्या पुढं काचेच्या मण्यासारखं काहीतरी चमकत होतं, मलासुद्धा दिसलं.

"सरकलंय," ती म्हणाली. मग माइककडं वळून, आवाज न कापू देता, "घोषणा रद्द. कर्नल घटक नावाचं काही नाही. हिरवा पट्टा असलेलं एकही कुत्रं तपासल्याशिवाय घरी जाणार नाही. जे आलेले नाहीत त्यांना फोन करा. रंगराव आजोबा, यादी तुमच्याकडं आहे, वाचायला लागा." आणि टिकलीला छातीशी धरून धावत अंगणात गेली.

गाडी चारला हलली नाही. घाट बंद झाला. डॉक्टर मुजावर त्या रात्री आमच्याकडंच राहिल्या, पण जेवल्याशिवाय माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. हात धुतल्यावर म्हणाल्या, "डावं भिंग वेळेत काढलं. भिंगाशिवाय धूसर दिसतं, पण दिसतं. उजवा डोळा गेला. दाब फार वेळ चढलेला होता." थोडं थांबून म्हणाल्या, "सकाळी साडेअकराला तुम्ही आलात, तेव्हा खरं बोलला असतात तर दोन्ही वाचले असते."

जिना, दुखरा हात, पंक्चर, सगळं डोळ्यासमोर होतं.

एक्केचाळीसपैकी सात जणांच्या दोऱ्या सैल निघाल्या. आठवड्याभरात सातही जणांची ऑपरेशनं झाली. चौदा डोळे वाचले. बंगळूरचे शास्त्रज्ञ हात हलवत परत गेले. ओवीनं जे छापून आणलं होतं, ते सगळं स्वतःच्या सहीनं मागं घेतलं. मला तिनं एक शब्द विचारला नाही. पुण्याला गेली आणि चार महिने फोन उचलला नाही.

मंडळानं वही बंद केली नाही. रंगराव भाऊजींनी प्रत्येक पानावर लाल शाईनं लिहिलं, 'ऐकीव.' माझ्याशी बोलणं टाकलं. बारशाचं बोलावणंही आलं नाही. आमच्या आळीत बारसं झालं, टाळ्यांचा आवाज घरात बसून ऐकला.

टिकली एका धूसर डोळ्यावर शिकत होती. बिस्किट आता मी तिच्या समोर ठेवायची आणि बोटानं फरशीवर टकटक करायची. माझ्या लुगड्याला कान लावून चालायची. तो स्पर्श मला ओळखीचा होता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चकल्या तळत होते. टिकली उंबऱ्यावर पसरली होती. एकदम तिचे कान उभे राहिले. मग मलाही ऐकू आलं. पायरीवर छुम, अंगणात छुम छुम. सत्तावीस वर्षांची डॉक्टर बाई, जीनच्या पँटखाली पैंजण घालून दारात उभी होती. टिकली धडपडत उठली आणि वाटेत कशालाही न आपटता थेट तिच्या पायाशी गेली.

ओवी खाली बसली. टिकलीचा डोळा पाहिला, दाब मोजला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली. मग पिशवीतून मंडळाची नोंदवही काढली.

"भाऊजींनी दिली?"

"मागून घेतली." ती माझ्यासमोर पाटावर बसली, पेन उघडलं. "सांग. सगळ्या कुत्र्यांचं. तुझ्या घरात आलेल्या प्रत्येकाचं. अर्धं करायला लागेल असं एकही वाक्य नको."

मी कढई उतरवली आणि सांगत गेले. कुणाला कधी काय झालं, कोण कुणाच्या कुंपणावरून उडी मारून गेलं होतं, कुठलं पिल्लू कुणाचं म्हणून खपवलं. ती लिहीत गेली. चकलीचं पीठ वाळलं. शेवटी ती कर्नलच्या पानावर आली. दृष्टी: चौथ्या वर्षी गेली. लपवणारी: मी. तिनं तेही लिहिलं.

"आणि बिबट्या?" तिनं वर न बघता विचारलं.

"बिबट्या होता."

तिचं पेन थांबलं.

"खरंच होता गं. ओढ्यापाशी, वाफ्याच्या पलीकडं. टेबल लँड मी जोडलं. कर्नलनं पाहिला नाही, त्याला वास आला. तिन्हीसांजेला तू अंगणात खेळत होतीस. तो तुझ्या पैंजणांच्या आवाजावर धावत गेला, तुझ्या पुढं उभा राहिला आणि आंधळ्या डोळ्यांनी अंधाराकडं बघून भुंकत राहिला. मी तुला उचलून आत आणेपर्यंत हलला नाही."

ओवीनं वर पाहिलं. भुवईवरची खूण ताणली गेली होती. टिकली तिच्या पायावर डोकं ठेवून झोपली होती.

मग ओवीनं पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि म्हणाली, "हे वहीत नाही लिहिणार."

"नको लिहूस."

"परत सांग," ती म्हणाली, आणि पाय पोटाशी घेऊन बसली. पैंजण वाजले.